जवळीक आणि तिची भीती

दोघांच्या नात्यात तिसऱ्याचे, त्यातही पैसे घेऊन ऐकणाऱ्या परक्या माणसाचे काय काम, ही शंका रास्त आहे. अशी शंका घेणाऱ्यांना मागासलेले ठरवून जोडप्यांसाठीच्या थेरपीचा प्रचार करणाऱ्यांनी स्वतःचेच नुकसान करून घेतले आहे. शंका घेणाऱ्यांना बहुधा इतकेच म्हणायचे असते की प्रेम, विश्वास, ओढ या गोष्टी ठरावीक वेळ घेऊन, घड्याळ लावून, कोणासमोर बसून निर्माण होत नाहीत. ते बरोबरच आहे. थेरपी जवळीक निर्माण करत नाही. ती करते ते काम याहून मर्यादित आणि माझ्या मते याहून मोलाचे आहे. जवळ जाण्याची जी भीती दोघांच्याही मनात असते आणि जी रागाच्या, अबोल्याच्या किंवा न संपणाऱ्या कामाच्या आडोशाला दडून बसलेली असते, ती ओळखायला आणि ती वाटत असतानाही पुढे यायला थेरपी मदत करते. हे एकदा मान्य केले की थेरपिस्टकडे कधी जावे, त्याच्याकडून काय मागावे, कुठे थांबावे आणि समाजाने यावर पैसा खर्च करावा की नाही, या सगळ्याच प्रश्नांची रूढ उत्तरे बदलावी लागतात.

सहवासातून जवळीक आपोआप येत नाही. वीस वर्षे एका छपराखाली काढलेल्या माणसांना एकमेकांच्या गोळ्यांच्या वेळा, आवडीनिवडी, मोबाइलचे पासवर्डसुद्धा ठाऊक असतात, आणि तरीही नोकरी जाण्याची धास्ती किंवा आई गेल्यानंतरचे रितेपण त्यांनी एकमेकांसमोर कधी शब्दांत मांडलेले नसते. हॅरी रीस आणि फिलिप शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये जवळिकीची जी मांडणी केली, तिचा आधार या क्षेत्रात आजही घेतला जातो. त्यांच्या मते जवळीक ही एक देवाणघेवाण आहे. एकाने स्वतःविषयीचे काही खरे आणि नाजूक असे उघड करायचे, दुसऱ्याने त्याला प्रतिसाद द्यायचा आणि त्या प्रतिसादातून पहिल्याला वाटायचे की आपल्याला कोणी समजून घेतले, आपला मान राखला, आपली काळजी केली. यातला शेवटचा भाग सगळ्यात अवघड आहे, कारण दुसऱ्याने कितीही मनापासून ऐकले तरी ते पहिल्यापर्यंत पोहोचले नाही, तर सगळे मुसळ केरात. म्हणूनच ‘मनातले बोलून टाका’ हा येता-जाता दिला जाणारा सल्ला अर्धवट आहे. बोलून टाकलेल्याचे पुढे काय होते यावर सारे अवलंबून असते. ज्याने एकदा मन मोकळे केले आणि पुढच्याच भांडणात त्याच गोष्टीवरून टोमणा ऐकला, तो पुन्हा सहसा तोंड उघडत नाही. त्याला मग ‘तू काही बोलतच नाहीस’ असे ऐकवण्यात काय हशील?

ही भीती येते कुठून, याचे एक उत्तर मनोविश्लेषक जॉन बोल्बी आणि मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी लहान मुले आणि त्यांना सांभाळणारी माणसे यांच्यातील बंधाचा अभ्यास करताना शोधले. १९८७ मध्ये सिंडी हेझन आणि शेव्हर यांनी तीच दृष्टी प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावून पाहिली. ज्याच्यावर आपण विसंबतो तो गरजेच्या वेळी जवळ असेल की नाही, हा प्रश्न मोठेपणीही सुटत नाही. तो सतावू लागला की काही माणसे चिकटून, जाब विचारून, आवाज चढवून समोरच्याला ओढू पाहतात, तर काही आतल्या आत मिटून घेतात. गंमत अशी की या दोन स्वभावांची गाठ वारंवार पडते, आणि मग एकाचा पाठलाग दुसऱ्याच्या माघारीला आणि दुसऱ्याची माघार पहिल्याच्या पाठलागाला खतपाणी घालत राहते. सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी कॅनडात १९८० च्या दशकात जी भावनाकेंद्रित उपचारपद्धती उभी केली, तिचा रोख या चक्रावरच आहे. दोघांपैकी कोण चुकले हे ती शोधत नाही. दोघेही ज्यात गरगरत आहेत ते चक्र दोघांनी मिळून बाहेरून पाहावे, एवढा तिचा आग्रह असतो.

प्रत्यक्षात हे कसे दिसते? समजा, नवऱ्याला घरी यायला दीड तास उशीर झाला आहे आणि त्याने फोन केलेला नाही. दुसऱ्या दिवशी थेरपिस्टसमोर भांडण तिथूनच पुढे सुरू होते. ‘तुला कशाचंच काही नसतं,’ असे ती म्हणते. ‘झालं, आल्या आल्या हेच,’ असे म्हणून तो खिडकीबाहेर पाहू लागतो. इथे घरातली कोणीही वडीलधारी व्यक्ती फोन का केला नाही याची चौकशी करेल किंवा ‘सोडून द्या आता’ म्हणेल. जाणती थेरपिस्ट त्या फोनच्या वाटेलाही जात नाही. ती बायकोला विचारते, ‘दार उघडायच्या आधीचा तो दीड तास तुमच्या मनात काय चाललं होतं?’ जरा वेळ कोणी बोलत नाही. मग उत्तर येते, ‘आधी वाटलं, काहीतरी झालंय. मग वाटलं, मी वाट बघतेय हे याच्या गावीही नसेल.’ थेरपिस्ट नवऱ्याकडे वळते. ‘हे तुम्हाला माहीत होतं?’ तो म्हणतो, ‘नाही. मला वाटलं, ही घरात बसून माझ्या चुका मोजतेय. म्हणून तर फोन करायचा धीर झाला नाही.’ त्यावर ती एवढेच म्हणते, ‘हे मला नको, त्यांच्याकडे बघून सांगा.’ तो बघतो. अडखळत, निम्म्या आवाजात सांगतो.

यात चमत्कार काही नाही. पुढच्या आठवड्यात हीच जोडी बहुधा दुसऱ्या कशावरून तरी याच रीतीने भांडणार आहे. पण जे घरी तीन सेकंदांत घडून जाते, ते इथे दहा मिनिटांपर्यंत ताणले गेले, आणि त्या सावकाशीत आरोपाखालची धास्ती व माघारीखालची शरम दोघांनाही दिसली. थेरपिस्टचे कसब शहाणपणाच्या गोष्टी सांगण्यात नाही. ते अशा जागा हेरण्यात आणि नेमक्या वेळी स्वतः बाजूला होण्यात आहे. ‘त्यांच्याकडे बघून सांगा’ हे वाक्य मला या कारणासाठी महत्त्वाचे वाटते की त्यात थेरपिस्ट स्वतःला मधून काढून घेते. ज्या थेरपिस्टसमोर दोघेही महिनोन्महिने फक्त थेरपिस्टशीच बोलत राहतात, तिथे जवळीक झालीच असेल तर ती चुकीच्या माणसाशी होते आहे.

आता एका लोकप्रिय समजुतीविषयी. नाती संवादकौशल्याच्या अभावी बिघडतात, ते कौशल्य शिकवले की सुधारतात, असे सर्रास सांगितले जाते. ‘तू असा आहेस’ ऐवजी ‘मला असे वाटते’ म्हणा, समोरच्याचे बोलणे आपल्या शब्दांत परत सांगा, वगैरे. हे निरुपयोगी नाही, पण यावर जितका भर दिला जातो तितका पुरावा त्यामागे नाही. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३० नवविवाहित जोडप्यांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की सुखी जोडपीही भांडताना अशा ठाकठीक पद्धतीने ऐकत नाहीत आणि तसे ऐकण्यावरून पुढे कोण टिकेल याचा अंदाजही येत नाही. गॉटमन यांच्या घटस्फोटाविषयीच्या भाकितांच्या अचूकतेवर नंतर रास्त टीका झाली आहे, पण त्यांची निरीक्षणे मौलिक आहेत. जोडप्यांमधील सुमारे ६९ टक्के मतभेद कधीच सुटत नाहीत, कारण ते स्वभावातील आणि गरजांमधील कायमच्या फरकांतून येतात, हे त्यांपैकीच एक. एकाला घर माणसांनी भरलेले हवे असते आणि दुसऱ्याला शांतता. एक पैसा साठवतो, दुसरा खर्चतो. हे मिटत नाही. त्याविषयी बोलताना तिरस्कार येतो की थोडी मिस्कील सहनशीलता, एवढेच काय ते बदलू शकते.

या बाबतीत नील जेकबसन यांचे उदाहरण मला फार बोलके वाटते. वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या दांपत्य-उपचारपद्धतीच्या प्रणेत्यांमध्ये त्यांचे नाव अग्रभागी होते. १९८० च्या दशकात त्यांनी आपल्याच पद्धतीचे निष्कर्ष कठोरपणे पुन्हा तपासले आणि जाहीरपणे मान्य केले की त्यातून पूर्णपणे सावरणारी जोडपी निम्म्याहूनही कमी आहेत आणि सावरलेल्यांपैकी काही काळाने परत घसरणारीही आहेत. सौदा करून बदललेले वागणे सौदा मोडताच ‘ये रे माझ्या मागल्या’ होते, हे त्यांच्या लक्षात आले. मग अँड्र्यू क्रिस्टेन्सन यांच्यासोबत त्यांनी जी नवी पद्धत घडवली, तिच्यात जोडीदार बदलणार नाही अशा ठिकाणी त्याचा स्वीकार कसा करावा याला बदलाइतकेच स्थान दिले. बाजारात आपलीच पद्धत रामबाण म्हणून विकणाऱ्या आजच्या अनेकांनी हा प्रामाणिकपणा पाहावा.

शरीराच्या जवळिकीविषयी बोलायला थेरपीतसुद्धा संकोच होतो, आणि अनेक थेरपिस्ट तो विषय निघालाच नाही तर मनातून सुटकेचा श्वास टाकतात. खरे तर या उपचारांचा सगळ्यात ठोस धडा इथूनच आला आहे. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी लैंगिक अडचणींवर अमेरिकेत सेंट लुइस येथे केलेले काम १९७० मध्ये ग्रंथरूपाने आले. त्यांनी दोन गोष्टी रुजवल्या. पहिली अशी की अडचण एकाच्या शरीरात दिसत असली तरी उपचार जोडीवर करायचा. दुसरी म्हणजे ठरावीक काळ संभोगाला पूर्ण मनाई करून फक्त स्पर्शाचा सराव, ज्यात काही साध्य करायचे नसते, कोणाला खूश करायचे नसते, फक्त स्पर्श जाणवून घ्यायचा असतो. मनाईतून जवळीक साधणे हे वरवर उफराटे वाटते, पण अपयशाच्या भीतीने ज्यांनी एकमेकांचा हात धरणेही सोडले आहे, त्यांच्या खांद्यावरचे परीक्षेचे ओझे या मनाईने उतरते. मधुमेह, संप्रेरकांतील बदल, नैराश्यावरील काही औषधे यांचाही लैंगिक इच्छेवर आणि क्षमतेवर परिणाम होतो, त्यामुळे अशा तक्रारीत वैद्यकीय तपासणीचा विषयही न काढता थेट बालपणात शिरणाऱ्या थेरपिस्टकडे पाठ फिरवलेली बरी.

एवढे करून उपयोग किती होतो? क्रिस्टेन्सन आणि जेकबसन यांच्या नव्या पद्धतीची, जुन्या वर्तनकेंद्री पद्धतीशी तुलना करणारी चाचणी दीर्घकाळ आणि गंभीर तणावात असलेल्या १३४ विवाहित जोडप्यांवर झाली. उपचार संपल्यानंतर पाच वर्षांनी पाहिले तेव्हा जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये लक्षणीय सुधारणा टिकून होती आणि साधारण एक चतुर्थांश विभक्त झाली होती. नवी आणि जुनी पद्धत यांत तोवर फारसा फरकही उरला नव्हता. हे आकडे जाहिरातीला शोभणारे नाहीत, पण इतक्या बिकट अवस्थेतल्या जोडप्यांसाठी ते नगण्यही नाहीत. विभक्त झालेल्यांना मी अपयशाच्या खात्यात टाकणार नाही. जे नाते संपायला हवे होते ते एकमेकांची आणि मुलांची कमीत कमी होरपळ करून संपले, तर त्या खोलीतला वेळ वाया गेला असे म्हणता येत नाही.

यातच लवकर जाण्याचा मुद्दा येतो. जोडपी मदत घेण्यापूर्वी सरासरी सहा वर्षे थांबतात, हा आकडा वर्षानुवर्षे सगळीकडे फिरत होता; २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तो तीन वर्षांहून कमी निघाला. तीन वर्षे धरली तरी दुखणे अंगावर काढण्यासाठी ती पुष्कळ झाली. पहिल्या वर्षी ज्या गोष्टीचे वाईट वाटते, तिचा तिसऱ्या वर्षी तिरस्कार वाटू लागतो, आणि तिरस्कार वाटू लागलेल्या माणसाची भीती समजून घ्यायला मन तयार होत नाही. मूल होणे, एकाची नोकरी जाणे, दीर्घ आजार, घरातील मृत्यू अशा वळणांवर तणाव वाढणार हे आधीपासून ठाऊक असते. मग तेव्हाच चार-सहा भेटी घ्याव्यात आणि नाते ठीक असतानाही जावे. पाणी डोक्यावरून गेल्यावर उरते ती पंचायत, आणि पंचायतीत दोघेही आपापली बाजू जिंकायला येतात.

थेरपिस्ट न्यायाधीश नाही, तसा तो निष्पक्षही असेलच असे नाही, ही गोष्ट थेरपीचे समर्थक दडपून नेतात. विवाह समुपदेशनाचा व्यवसाय अमेरिकेत रुजवणाऱ्यांपैकी एक असलेल्या पॉल पोपेनो यांनी १९३० मध्ये लॉस एंजेलिसला आपली संस्था काढली. ते सुप्रजननवादी होते, म्हणजे ‘चांगल्या’ वंशाच्या माणसांनाच मुले व्हावीत असे मानणारे; ‘योग्य’ माणसांचे विवाह टिकावेत हा त्यांच्या आस्थेचा भाग होता. मनात अशी खूणगाठ बांधून बसलेल्या समुपदेशकाने कोणाला जुळवून घ्यायला सांगितले असेल, हे सांगायला नको. तो काळ गेला, पण लग्न टिकलेच पाहिजे असे मनातून मानणारे आणि त्याउलट प्रत्येक तडजोडीत दडपशाही पाहणारे, असे दोन्ही प्रकारचे थेरपिस्ट आजही भेटतात. त्यांना त्यांची भूमिका थेट विचारण्याचा हक्क समोर बसणाऱ्याला आहे.

जिथे मारहाण, धमक्या, पैशांची नाकेबंदी किंवा सततची पाळत आहे, तिथे दोघांना एकत्र बसवणारी थेरपी धोकादायक ठरू शकते. तिथे खरे बोलण्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. जबाबदार थेरपिस्ट म्हणूनच सुरुवातीला दोघांना वेगवेगळे भेटून सुरक्षिततेविषयी विचारतात. अशा नात्यात ‘दोघांचे चक्र’ ही भाषाच अन्यायाची आहे, कारण तिथे भीती एकालाच आहे आणि ती खरी आहे. जवळिकीची भीती आणि माणसाची भीती यांतला फरक न ओळखणारा थेरपिस्ट कितीही नामांकित असो, त्याच्याकडे जाऊ नये.

थेरपीतून आलेल्या शब्दांचेही आता पेव फुटले आहे. जोडीदार उशिरा आला तर तो ‘टॉक्सिक’, त्याला एखादी घटना वेगळी आठवली तर ते ‘गॅसलाइटिंग’ (म्हणजे समोरच्याला त्याच्याच आठवणीवर शंका घ्यायला लावणे), आपल्याला भांडणातून पळ काढायचा असेल तर ती आपली ‘बाउंड्री’. ज्या शब्दांनी स्वतःकडे पाहायचे, त्यांनी दुसऱ्याला कोपऱ्यात गाठायचे असा हा उलटा प्रवास आहे, आणि एकट्याने थेरपी घेणाऱ्यांमध्ये तो अधिक दिसतो. यात त्यांचा दोष थोडाच. थेरपिस्टला आठवड्यातून एकदा एकाच बाजूची कैफियत ऐकायला मिळते आणि गैरहजर माणूस हळूहळू खलनायक होत जातो. वैयक्तिक थेरपी नात्यांना मदत करत नाही असे मी म्हणत नाही. लहानपणीच्या आघातांची, व्यसनाची, नैराश्याची कामे तिथेच व्हायला हवीत. मात्र ‘तुमचा जोडीदार इथे असता तर तो याविषयी काय म्हणाला असता?’ हा प्रश्न जिथे कधीच विचारला जात नाही, तिथे मिळणारा दिलासा नात्याला महागात पडतो.

राहिला खर्चाचा प्रश्न. ही मदत ज्याच्या खिशाला परवडेल त्याने विकत घ्यावी, असे मानले तर नात्यांमधली शांतताही श्रीमंतांची चैन होऊन बसेल. नॉर्वेमध्ये कुटुंब समुपदेशनाची सेवा १९९७ च्या कायद्याने बांधून दिलेली आहे आणि ती विनामूल्य आहे. १६ वर्षांखालील मुले असलेल्या आईवडिलांना वेगळे होताना मुलांच्या संगोपनाविषयी मध्यस्थाची भेट घेणे तिथे बंधनकारक आहे. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत नैराश्यावरील उपचारांपैकी एक म्हणून दांपत्य-थेरपी दिली जाते, कारण नात्यातला ताण आणि नैराश्य एकमेकांना पोसतात. सरकारने घरात डोकावू नये, हा आक्षेप यावर घेतला जातो आणि तो गंभीर आहे. पण नाते कोसळल्यानंतर न्यायालय, पोलीस, दवाखाना आणि शाळा या वाटांनी व्यवस्था घरात शिरतेच. मग आधीच्या टप्प्यावर, स्वेच्छेने, गुप्ततेच्या हमीसह आणि नाव कुठे कळणार नाही अशा रीतीने मदत देणे हाच कमी घुसखोरीचा मार्ग ठरतो. सेवा मोफत असावी, सक्तीची नसावी, आणि मुलांचा प्रश्न असेल तिथे सक्ती भेटीपुरती असावी, एकत्र राहण्याची नव्हे.

त्याच वेळी या व्यवसायावर अंकुशही हवा. अनेक देशांत ‘समुपदेशक’ किंवा ‘रिलेशनशिप कोच’ अशी पाटी लावायला कायद्याने कसलीच अट नाही. व्यक्तींवर उपचार करण्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाला दोघांसोबत काम करता येतेच असेही नाही, ते वेगळे प्रशिक्षण आहे. परवाना, देखरेखीखाली केलेले काम आणि तक्रारीसाठी दाद मागण्याची जागा, एवढे नसेल तर सार्वजनिक पैसा यात घालू नये.

तोवर, जाणाऱ्याने पहिल्याच भेटीत काही गोष्टी विचारून घ्याव्यात: दांपत्यांसोबत काम करण्याचे वेगळे प्रशिक्षण झाले आहे का, दोघांपैकी एकाने खासगीत सांगितलेले गुपित, उदाहरणार्थ सुरू असलेले दुसरे संबंध, थेरपिस्ट कसे हाताळणार, आणि आमचे बरे चालले आहे की नाही हे आपण कशावरून आणि कधी तपासणार. शेवटच्या प्रश्नावर जो थेरपिस्ट गडबडतो किंवा ‘वेळ द्या’ एवढेच म्हणतो, त्याला साताठ भेटींनंतर तोच प्रश्न पुन्हा विचारावा. घरातली भांडणे आधीपेक्षा लवकर निवळतात का, ती निवळल्यावर कोणी आपणहून जवळ येते का, चांगली बातमी पहिल्यांदा जोडीदाराला सांगावीशी वाटते का, याची उत्तरे दोघांनी वेगवेगळी लिहून आणावीत आणि ती थेरपिस्टसमोर एकमेकांना वाचून दाखवावीत.